आपली फाइल आपणच वाचायची

सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांनी जर्मनीला शिकायला यायचं ठरवलं की कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून ती फोन करतात. "ताई, एजंट कोणता धरू?" हा पहिला प्रश्न, आणि "किती दिवसांत होतं?" हा दुसरा. मी २०२३च्या हिवाळी सत्राला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी इथे आले. आता शिक्षण संपलंय आणि नोकरी शोधण्यासाठी मिळणारा अठरा महिन्यांचा परवाना हातात आहे. विद्यार्थी परवान्याच्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्यात. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे बोल. आकडे बदलत राहतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहून घ्या.

१. व्हिसा आणि परवाना, दोन वेगळ्या गोष्टी

आपल्याकडे "व्हिसा लागला" की पेढे वाटतात. आईनंही वाटले. पण पासपोर्टात चिकटतो तो राष्ट्रीय व्हिसा, ज्याला 'डी' प्रकार म्हणतात, आणि तो काही महिन्यांचाच असतो. त्यावर जर्मनीत शिरता येतं. शिकण्यासाठी राहायचा खरा परवाना नंतर मिळतो, तुम्ही ज्या शहरात राहाल तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय तो देतं. या कार्यालयाला 'आउसलेंडरबेहोर्डे' म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण पाठ करून ठेवा, कारण इथे आल्यावर याच दारात वारंवार उभं राहायचं आहे. परवाना निवास कायद्याच्या कलम १६ब खाली मिळतो, एका वेळी सहसा एक ते दोन वर्षांचा, आणि शिक्षण संपेपर्यंत तो वाढवून घ्यावा लागतो.

हे आधी कळलं की पुढची तयारी बदलते. मुंबईच्या कॉन्सुलेटला दाखवलेले बहुतेक कागद इथेही पुन्हा दाखवावे लागतात. म्हणून मूळ प्रती घरी कपाटात ठेवून यायचं नाही.

२. एजंटकडे फाइल द्यायची असेल तरी ती वाचायची तुम्हीच

एजंट नकोच, असं मी म्हणत नाही. घरात कुणी परदेश पाहिलेला नसतो, इंग्रजी फॉर्मची धास्ती असते, वडिलांना वाटतं की पैसे गेले तरी चालतील पण काम पक्कं व्हावं. ती भीती खरी आहे. पण दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली म्हणजे, जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटांना कमिशन देत नाहीत. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्कही नाही, फक्त सत्राचा किरकोळ हप्ता असतो. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४पासून शुल्क सुरू केलं आहे. कमिशन मिळतं ते काही खासगी संस्थांकडून. त्यामुळे तुमचे गुण सरकारी विद्यापीठाला पुरेसे असतानाही एजंट खासगीचा आग्रह धरू लागला, तर कारण विचारा. संस्था 'अनाबिन' या जर्मन यादीत 'एच प्लस' दर्जाची आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. अभ्यासक्रमाचा मोठा भाग ऑनलाइन तर नाही ना, हेही पाहा, कारण घरी बसून शिकता येतं त्यासाठी तिथे राहायचा परवाना द्यायला कार्यालयं तयार होत नाहीत.

दुसरी गोष्ट, अर्जावर ईमेल आणि मोबाइल तुमचाच हवा. माझ्यासोबत हॉस्टेलवर असलेल्या एका मैत्रिणीच्या अर्जावर एजंटनं स्वतःचा ईमेल टाकला होता. कॉन्सुलेटनं एक जादा कागद मागवला, ते पत्र एजंटच्या पेटीत पडून राहिलं. उद्देशपत्रही त्यानंच लिहिलं होतं आणि त्यात भलत्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची स्तुती होती. नकाराच्या पत्रात शिक्षणाचा हेतू पटत नसल्याचं कारण आलं. ती मुलगी आमच्या वर्गात पहिल्या पाचात असायची. तिच्या हेतूत काही खोट नव्हती, पण तो कागदावर दुसऱ्याच माणसानं लिहिला होता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

३. नावाचं स्पेलिंग आधी मिटवा

हा आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांचा खास प्रश्न आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. इंजिनिअरिंगच्या गुणपत्रिकेवर क्रम निराळा. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. जर्मन कारकून पासपोर्ट प्रमाण मानतो, त्यामुळे इथे आल्यावर विमा, बँक, विद्यापीठ सगळीकडे वडिलांचं नाव तुमच्याच नावाचा भाग म्हणून लागतं. त्यात वावगं काही नाही, फक्त सगळीकडे तसंच लिहायचं.

अडचण होते ती अक्षरांची. बाबांचं नाव दत्तात्रय. दहावीच्या गुणपत्रिकेत शेवटचा इंग्रजी 'ए' नाही, पासपोर्टात आहे आणि आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. आपल्याकडे असे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले तरी कुणाला काही वाटत नाही, पण कागद तपासणं हेच ज्याचं काम आहे त्याच्यासाठी ही तीन माणसं होऊ शकतात. बारीक फरकासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवावं. नाव मुळातच बदललेलं असेल, लग्नानंतर किंवा एरवीही, तर शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्यावी. या कामाला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यात आधी. दहावीपासूनचे सगळे कागद एकदा जमिनीवर पसरा, प्रत्येक नावावर बोट ठेवून मोठ्यानं वाचा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत असे बसलो होतो, आणि पासपोर्टातल्या आईच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं तेव्हाच सापडलं.

४. कॅलेंडर उलटं मोजा

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत १५ जुलैला संपते, काहींची त्याच्याही बरीच आधी. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक झालंय. दिल्लीतलं एक केंद्र तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का ते तपासतं, त्याचं शुल्क १८,००० रुपये. हे प्रमाणपत्र हाती नसेल तर पुढचं सगळं अडतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच त्याची माहिती काढा, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मिळवायच्या मागे लागा. आपल्या विद्यापीठांत परीक्षा विभागाच्या खिडकीवर किती वेळ जातो हे मी वेगळं सांगायला नको.

बरेच अर्ज 'युनि-असिस्ट' या अर्ज तपासणाऱ्या सेवेमार्फत जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. त्यामुळे वीस ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा निवडक टाका. तुमच्या गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर 'बव्हेरियन सूत्रा'नं होतं. तिथे १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास, हे लक्षात ठेवून आपला आकडा स्वतः काढा.

५. पैशाचा पुरावा हा सगळ्या घराचा प्रश्न असतो

खरा घाम इथे निघतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षाचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवण्यासाठी जर्मनीत 'श्पेरकोन्टो', म्हणजे गोठवलेलं खातं उघडावं लागतं. मी आले तेव्हा त्यात ११,२०८ युरो भरायचे होते. १ सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. आजच्या दरानं हे साधारण बारा लाख रुपये होतात. पैसे तुमचेच असतात, पण इथे येऊन नोंदणी आणि बँक खातं झाल्यावर महिन्याला ठरावीक रक्कमच हाती येते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांसाठी वेगळे पैसे जवळ ठेवावेच लागतात. घरभाड्याची अनामत रक्कम त्यातूनच जाते.

आमच्यासारख्या घरांत हे पैसे शैक्षणिक कर्जातून येतात. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर तारण मागतात. आमचं घर गुंठेवारीत. आजोबांनी १९८०च्या दशकात घेतलेला प्लॉट, खरेदीखत आहे, घरपट्टी वेळेवर भरलेली आहे, पण बिनशेती आदेश नाही. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागितलं. २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली महापालिकेकडून ते मिळतं, आणि ज्यांनी त्या वेळी करून घेतलं नाही त्यांना मुलांच्या कर्जाच्या वेळी ते आठवतं. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये अशी हजारो घरं आहेत. मुलगी बारावीत असतानाच घराचे कागद काढून बघा, असं मी आता प्रत्येक पालकाला सांगते. नकाशा, शुल्काची पावती, मालमत्ता पत्रकावरच्या वारसनोंदी यांत वर्षसुद्धा जाऊ शकतं.

वारसनोंदीनं अजून एक गोष्ट समोर आणली. घर बाबा आणि काका दोघांच्या नावावर, म्हणजे गहाण ठेवायला काकांची सही हवी. काका एसटीतून निवृत्त झालेले. बँकेत अधिकाऱ्यानं कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या. काकांनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले. अधिकारी म्हणाला, "सगळ्यांचं हेच असतं काका, छापील आहे." काका म्हणाले, "छापील आहे म्हणूनच वाचतोय." मागे रांग लागली होती. व्याज कधीपासून लागणार, हप्ता कधी सुरू होणार, मी वेळेवर पास झाले नाही तर काय, हे त्यांनी एकेक करून विचारलं. शिक्षण चालू असतानाही साधं व्याज चढत राहतं, हे बाबांना आणि मला त्या दिवशीच नीट समजलं. मग काकांनी सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला. माझ्या परवान्याच्या फाइलमध्ये त्या घराचा कुठेच उल्लेख नाही. तिथे फक्त गोठवलेल्या खात्याचं एक पानी प्रमाणपत्र आहे.

पैसे पाठवताना ए-२ फॉर्म भरावा लागतो. मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात आणि चार युरो कमी पडले तरी खात्याचं प्रमाणपत्र अडकतं. म्हणून सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्यायचा पर्याय निवडा आणि थोडी जादा रक्कम पाठवा. एप्रिल २०२५पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर त्यावरही नाही. बँकेतल्या माणसालाही हे माहीत असतंच असं नाही, तेव्हा विचारा. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत मिळू शकते, पावत्या जपून ठेवा.

आणि अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध घटकातल्या मुलांनी कर्जाकडे वळण्याआधी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघावीच. गावाकडच्या हुशार मुलांपर्यंत तिची माहितीच पोचत नाही, याची मला फार खंत वाटते.

६. उद्देशपत्र तुमच्या भाषेत असू द्या

इंग्रजी साधं असलं तरी चालतं, पण मजकूर तुमचा हवा. मी लिहिलं होतं की शेवटच्या वर्षीचा प्रकल्प साखर कारखान्यातल्या बॉयलरच्या नळ्यांवर होता, नळ्या कशानं गंजतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं, पण मोजायला उपकरणं नव्हती. त्यासाठी मला साहित्यशास्त्राचे अमुक दोन विषय शिकायचे आहेत आणि ते या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात आहेत. एवढंच. असं लिहायचं तर अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचावी लागते, आणि ती वाचलेली असेल तर मुलाखतीला बोलावलं तरी घाबरायचं कारण राहत नाही.

केटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर लपवू नका. सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका फाइलला लावा. मधे एक वर्ष गेलं असेल तर का गेलं ते दोन ओळींत सांगा. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणी शेतात राबलेलं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि न सांगितलेल्या वर्षाबद्दल समोरचा स्वतःचं काहीतरी समजून घेतो.

७. नकार आला तर

पूर्वी नकारावर कॉन्सुलेटकडेच फेरविचाराची विनंती करता यायची. ती सोय १ जुलै २०२५पासून जगभर बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची. विद्यार्थ्यासाठी पहिलाच मार्ग व्यवहार्य. नकाराचं कारण नीट वाचा, त्या एका कारणाचं उत्तर कागदानिशी द्या. तीच फाइल पुन्हा पाठवण्यात काही अर्थ नाही. विद्यापीठाला लगेच कळवून पुढच्या सत्रात प्रवेश देता येईल का, हेही विचारा.

८. उतरल्यावर पहिलं काम, पत्रपेटीवर नाव

हे कुणी सांगत नाही म्हणून मी प्रत्येकाला सांगते. जर्मनीत पोस्टमन खोली क्रमांक शोधत येत नाही. तो पत्रपेटीवरचं नाव वाचतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. विमा कंपनीचं पत्र, बँकेचा पिन, कर क्रमांक, परवान्याची भेटीची तारीख, सगळं याच पेटीत पडतं. मी पहिल्या संध्याकाळी वहीच्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीनं लावलं, चार माणसांच्या घरात पाचवं.

मग आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. जो घरमालक "राहा, पण नोंद करू नका" म्हणतो त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. नोंदीशिवाय बँक, विमा, परवाना, सगळंच लटकतं. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास पडतो आणि तो विद्यापीठातल्या नावनोंदणीसाठीही लागतोच.

थोडं जर्मन शिकून या. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कार्यालयाची पत्रं जर्मनमध्येच येतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. सांगलीत बसून मी ऑनलाइन शिकले. पत्रातली तारीख, मुदत आणि मागितलेला कागद एवढं वाचता आलं तरी निम्मी धास्ती जाते.

९. मुदत संपायच्या आत अर्ज

परवाना वाढवायचा अर्ज जुनी मुदत संपण्याआधी गेलाच पाहिजे. तो वेळेत गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच कायदा मानतो, आणि तसं लेखी प्रमाणपत्र मागून घेता येतं. त्याला 'फिक्शन्सबेशायनिगुंग' म्हणतात. मुदत उलटून एक दिवस गेला तर हे संरक्षण उरत नाही. गर्दी सगळ्याच शहरांत आहे, भेटीची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरचीही मिळते, म्हणून निदान आठ-दहा आठवडे आधी कामाला लागायचं.

वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात. गोठवलेलं खातं नाहीतर अर्धवेळ नोकरीचा करार आणि पगारपत्रकं. मार्च २०२४पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हे दिवस स्वतः वहीत मांडत जा, मालक मांडेल या भरवशावर राहू नका. शिवाय अभ्यास कुठवर आला तेही विचारतात. मास्टर्सचे बहुधा १२० क्रेडिट असतात, त्यातले किती झाले त्याचा उतारा विद्यापीठाकडून घ्यायचा. विषय बदलायचा मनात असेल तर आधी कार्यालयाला विचारा, मग बदला, कारण परवाना त्या शिक्षणासाठीच दिलेला असतो.

माझ्या वेळी मी सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर यादी देऊन पाठवले. भेटीच्या दिवशी समोरच्या बाईंनी ती यादी पडद्यावर उघडली, एकेका ओळीवर खूण केली आणि बोटांचे ठसे घेतले. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून यायला काही आठवडे लागले. मधल्या काळात बँकेत आणि कामाच्या ठिकाणी ते तात्पुरतं प्रमाणपत्रच दाखवत होते. त्याची एक प्रत बाबांना पाठवली, आणि बाबांनी ती काकांना वाचायला नेऊन दिली.